घराच्या मानेवर सायकल

भाच्यानं न्हाणीघरातला वजनकाटा आणून रस्त्याच्या कडेला ठेवला, तेव्हा समोरच्या डच शेजाऱ्यानं मान वर करूनही पाहिलं नाही. त्याअर्थी इथे हे नेहमीचंच असावं. काट्यावर त्यानं लाकडाचा एक ठोकळा उभा केला, ठोकळ्यावर कॅराव्हॅनच्या दांडीचं टोक टेकवलं, दांडीखालचं छोटं चाक फिरवून वर घेतलं आणि फरशीवर पालथा पडून आकडा वाचू लागला.

"मावशी, १०४!"

"मग?"

"मग काय? गाडीला ८०च चालतात."

आइंडहोव्हनच्या त्या गल्लीत आम्ही तीन माणसं, एक दोनचाकी फिरतं घर आणि दोन ई-बाइक एवढा संसार घेऊन जर्मनीतल्या मोझेल नदीकडे निघालो होतो. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. माझ्या कल्पनेप्रमाणे सायकली कुठेतरी बांधायच्या आणि निघायचं. लहानपणी एसटीच्या टपावर सायकल चढवलेली मी पाहिली आहे. कंडक्टर शिडीवरून वर जायचा, सुतळीचे दोन फेरे मारायचा, की झालं. इथे मात्र सकाळपासून वजनाचा हिशेब चालला होता.

सायकल आणि फिरतं घर यांचं नातं तसं जुनं आहे. हौसेखातर बांधलेलं पहिलं फिरतं घर म्हणून जिचं नाव घेतात ती 'वाँडरर' नावाची घोडागाडी १८८५ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल इथल्या कारखान्यात तयार झाली. मालक गॉर्डन स्टेबल्स आरमारातले निवृत्त डॉक्टर होते आणि मुलांसाठी साहसकथा लिहायचे. ते जवळपास दोन टनांचं घर ओढायला दोन घोडे होते. सोबत गाडीवान, कुत्रा, काकाकुवा आणि एक नोकर. या नोकराला तीनचाकी सायकल दिली होती. अरुंद रस्त्यावर तो सायकलवरून पुढे जायचा आणि मागून काय धूड येतंय याची समोरच्यांना वर्दी द्यायचा. अशा डामडौलात ही वरात थेट स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसपर्यंत गेली. म्हणजे पहिल्या कॅराव्हॅनबरोबरही सायकल होतीच, फक्त ती ओझं म्हणून नव्हती, भालदार-चोपदार म्हणून होती.

त्यानंतरचा माणूस मला जास्त आवडतो. टॉमस हायरम होल्डिंग हा लंडनचा शिंपी. १८५३ साली, नऊ वर्षांचा असताना, आईवडिलांबरोबर तो अमेरिकेच्या माळरानांवरून बैलगाड्यांच्या तांड्यातून गेला होता. उघड्यावर झोपायची चटक त्याला तिथे लागली असावी. मोठेपणी त्यानं स्वतःच्या कसबाचा उपयोग करून हलके तंबू शिवले. इतके हलके, की सायकलवर बांधून नेता यावेत. १८९७ मध्ये तो असा आयर्लंड फिरून आला आणि त्यावर त्यानं पुस्तक लिहिलं. १९०१ मध्ये वाँटेज गावाजवळ मूठभर मंडळींनी सायकलींवरून येऊन तंबू ठोकले आणि त्यातून सायकलवरून तंबू घेऊन हिंडणाऱ्यांची संघटना जन्माला आली. आज ब्रिटनमध्ये कॅराव्हॅनवाल्यांचा जो 'कॅम्पिंग अँड कॅराव्हॅनिंग क्लब' आहे, तो हाच. नावातली सायकल वाटेत कुठेतरी उतरली आणि कॅराव्हॅन चढली.

हॉलंडमध्ये याच्या उलट घडलं. 'एएनडब्ल्यूबी' ही तिथली वाहनधारकांची मोठी संस्था. रस्त्यात गाडी बंद पडली की तिची पिवळी गाडी मदतीला येते, कॅराव्हॅनच्या चाचण्याही ती घेते. १८८३ साली ती स्थापन झाली तेव्हा मोटार जन्मायची होती. नावाचा विस्तार केला तर अर्थ निघतो 'सर्वसाधारण डच सायकलस्वार संघ'. ती आद्याक्षरं त्यांनी आजतागायत सोडलेली नाहीत. भाचा तिचा सभासद आहे. हा अर्थ त्याला मी सांगितला, आणि तो दहा वर्षं तिथे राहतो आहे!

थोडक्यात, आधी सायकल तंबू वाहायची, आता घर सायकल वाहतं. आपल्याकडे कॅरिअर म्हणजे सायकलच्या मागचा सांगाडा, ज्यावर डबा, दप्तर नाहीतर धाकटी बहीण बसते. इथे कॅरिअर म्हणजे जिच्यावर सायकल स्वतः बसते ती वस्तू. या उलटापालटीची किंमत किती, ते आमचा वजनकाटा सांगत होता.

मुळातली अडचण साधी आहे. एरवी युरोपात मोटारीनं सायकल न्यायची तर गाडीच्या मागे हुकावर जो ५० मिलिमीटरचा लोखंडी गोळा असतो, त्यावर सायकलचं कॅरिअर अडकवतात. पण कॅराव्हॅनही त्याच गोळ्याला जोडायची असते. गोळा एक आणि हक्कदार दोन. मग सायकलींना दुसरी जागा शोधावी लागते आणि प्रत्येक जागेत काही ना काही खोट निघते.

मोटारीचं टप ही पूर्वीची जागा. बारा किलोची सायकल असेपर्यंत ते ठीक होतं. ई-बाइक २५ किलोपर्यंत जाते. ती खांद्याच्या वर उचलून टपावर खाचेत बसवणं म्हणजे आखाड्यातलं काम. शिवाय उंचीचं भान सुटतं, आणि दोन मीटर उंचीच्या पार्किंगच्या दारात शिरेपर्यंत वर काय आहे ते आठवत नाही. घडीचे ट्रेलर असतात, म्हणजे झाकणाच्या पेटीसारखे, उघडले की आतून तंबू निघतो. त्यांच्या सपाट झाकणावर सायकली उभ्या करता येतात आणि भार बराचसा आसावर येतो, हे शास्त्रशुद्ध. पण मुक्कामाला पोचल्यावर सायकली उतरवल्याशिवाय घर उघडत नाही. पाऊस कोसळत असला तरीही.

राहिल्या दोन जागा, कॅराव्हॅनची पाठ आणि तिची दांडी. इथे मला आजोळची बैलगाडी आठवली. भारा मागे जास्त झाला की गाडी उलाळ व्हायची, दांडी वर उचलली जायची आणि जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहायचं. भार पुढे आला की ते बिचारे मानेनं दबायचे. गडी कडबा रचताना एक पेंढी इकडे, एक तिकडे करत राहायचा आणि मधूनच जू हातानं उचलून अंदाज घ्यायचा. कॅराव्हॅनही आसावर तोललेली गाडीच आहे. बैलांच्या जागी मोटार आहे आणि जुवाच्या जागी तो गोळा. गड्याचा हात होता, भाच्याचा वजनकाटा आहे, एवढाच फरक.

हिशेब तरफेचा आहे. गोळ्यापासून आस चार मीटर मागे धरा. दोन ई-बाइक आणि कॅरिअर मिळून ६० किलो. ते दांडीवर, गोळ्याच्या एक मीटर मागे बसवलं, तर त्यातले ४५ किलो गोळ्यावर येतात. तेच ६० किलो पाठीवर, आसाच्या तीन मीटर मागे टांगलं, तर गोळ्यावरचा भार ४५ किलोंनी कमी होतो. आकडा तोच, दिशा उलटी. आणि यातली दुसरी दिशा धोक्याची. दांडी हलकी झाली की वेग वाढताच ट्रेलरचं शेपूट डावी-उजवीकडे झुलू लागतं. शेजारून मोठा ट्रक गेला, वाऱ्याचा झोत आला, की झुलणं आणखी वाढतं, आणि एका मर्यादेपलीकडे ते आवरत नाही. मोटारहोमच्या, म्हणजे इंजिनासकट एकाच सांगाड्यावर बांधलेल्या घराच्या पाठीला सायकली लटकलेल्या दिसतात त्या पाहून फसू नये. तिथे मध्ये सांधाच नसतो. इटली-स्पेनमध्ये पाठीमागच्या अशा बोजावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांची ५० सेंटिमीटर चौरस पाटी लावावी लागते. पाटीनं मागच्याला बोजा दिसतो, पण त्याचं वजन काही कमी होत नाही.

म्हणून जाणकार दांडी पसंत करतात. पण तिथे मर्यादा आड येते. गोळ्यावर किती भार चालेल हे मोटारीच्या आणि ट्रेलरच्या जोडणीवर, दोन्हीकडे लिहिलेलं असतं, आणि त्यातला कमी आकडा पाळायचा असतो. आमच्या कॅराव्हॅनच्या जोडणीला १०० किलो चालत होते, मोटारीला ८०. काटा १०४ म्हणत होता.

भाच्यानं आधी दोन्ही बॅटऱ्या काढल्या. तीन-तीन किलोंच्या त्या विटा मोटारीत गेल्या. हे तसंही करायचंच असतं, कारण पावसात आणि धक्क्यांत बॅटरी उघड्यावर ठेवू नये. काटा ९९ वर आला. मग कॅराव्हॅनच्या पुढच्या भागातला दारापुढे उभारायच्या कापडी मांडवाचा २४ किलोंचा गठ्ठा ओढून आसाच्या जरा मागे, जमिनीलगत ठेवला. आता ८४. बाकी काय काढायचं यावर थोडी वादावादी झाली. गॅसची टाकी पुढच्या कप्प्यातच राहणार, ती हलवायची नाही. शेवटी माझी डाळ-तांदूळ, लोणचं, मेतकुटाची आठ किलोंची पेटी पुढच्या कप्प्यातून निघाली आणि मोटारीत माझ्या पायाशी आली. काटा ७८.

"सगळी कामं शेवटी मेतकुटावर येतात बघ," मी म्हटलं. तो फरशीवरून उठला नाही, फक्त अंगठा दाखवला.

खरं तर याहून सोपा उपाय म्हणजे सायकली कॅराव्हॅनच्या आत, नेमक्या आसावर ठेवणं. भार मधोमध, वाऱ्याचा अडथळा नाही, चोराची भीती नाही. पण त्याच जागेत झोपायचं आणि स्वयंपाकही करायचा असतो. भाच्याच्या बायकोनं वंगणाचा वास एकदा उशीला लागलेला अनुभवला आहे. त्या घरात हा विषय आता निघत नाही.

सायकली कॅरिअरवर चढवणं हे वेगळंच प्रकरण. रुळासारख्या दोन खाचा, शेजारी तिरपी लावायची पट्टी. तिच्यावरून सायकल ढकलत वर न्यायची, म्हणजे उचलावी लागत नाही. चाकं पट्ट्यांनी आवळायची, सांगाडा चिमट्यात धरायचा. एका सायकलचं हँडल पुढे तर दुसरीचं मागे, नाहीतर ती एकमेकांत घुसतात. पेडल एक उलटं फिरवून ठेवायचं, ते कॅराव्हॅनच्या पुढच्या खिडकीला लागत नाही ना ते पाहायचं. एवढं झाल्यावर भाच्यानं मोटार जोडून एका रिकाम्या आवारात अगदी करकचून वळण घेतलं. मला बाहेर उभं राहून ओरडायचं होतं, हँडल मोटारीच्या काचेला लागलं तर. दांडीवरच्या सायकलींचा हा दोष आहे, सरळ जाताना भरपूर जागा आणि वळताना बोटभर. मोटारीचं मागचं दारही आता पूर्ण उघडत नव्हतं. छत्री त्याच्यामागे होती. प्रवासभर तिची गरज पडली नाही, हे आमचं नशीब.

सायकलींवर आच्छादन घालूया, असं मी सुचवलं होतं. दुकानात तशी मिळतातही. पण वेगात असलं आच्छादन शिडासारखं फुगतं आणि आवळलेल्या पट्ट्या सैल करतं, असं भाच्याचं म्हणणं, त्यामुळे सायकली उघड्याच गेल्या. आणखी एक गोष्ट मला मजेशीर वाटली. लोखंडाला लोखंड घासतं तिथे वंगण घालावं, हे आपल्याला शिकवलेलं. या जोडणीत मात्र घर्षणाच्या पट्ट्या गोळ्याला दाबून धरतात, शेपूट झुलू नये म्हणून. त्यामुळे गोळा कोरडा लागतो. भाचा दर वेळी तो फडक्यानं पुसून काढतो, देवाच्या टाकासारखा.

जर्मनीत ट्रेलरला वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर. खास परवाना असेल तर १००. आम्ही ८०नं गेलो. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर थांबून पट्ट्या तपासल्या. एक सैल झालीच होती.

कॅम्पसाइटवर पोचल्यावर खांबावरून वीज मिळते. बऱ्याच ठिकाणी ती ६ अँपिअरचीच असते, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम १,३८० वॅट. ई-बाइकचे चार्जर याला घाबरत नाहीत. दोन्ही मिळून किटलीच्या पाव हिश्श्याइतकीही वीज घेत नाहीत. वीज जाते ती चहाच्या किटलीनं, कारण ती एकटीच २,००० वॅट मागते. बॅटरी सावलीत आणि कोरड्यात ठेवायची, तापलेल्या मांडवात नाही, एवढं पथ्य. आम्ही तिथे गॅसवर चहा केला आणि बॅटऱ्या रात्रभर लावून ठेवल्या.

कोखेमजवळ नदी संथ वळणं घेते, दोन्ही बाजूंना द्राक्षमळे चढत जातात आणि पाण्याकाठून सपाट सायकलमार्ग जातो. सकाळी सातला भाचा उठला, भरलेल्या बॅटऱ्या काखेत घेऊन दांडीकडे गेला आणि तिथेच थांबला. कॅरिअरवर सायकली कुलूपबंद होत्या. दांडीवरच्या लोखंडी चिमट्याला किल्ली लागते. किल्ली जुडग्यात नव्हती, मोटारीच्या कप्प्यात नव्हती, मेतकुटाच्या पेटीतही नव्हती. ती शोधताना आम्ही ती पेटी दोनदा उपसली.

सकाळचा पाव आणायला गावात चालत गेलो. जाता-येता सायकलवाले घंटा वाजवत जात होते. एक पांढऱ्या केसांचं जोडपं तर मागे तंबू, पुढे पिशव्या असं सगळं बिऱ्हाड सायकलवर लादून निघालं होतं. भाच्यानं त्यांच्याकडे बघणं टाळलं. वाटेत त्यानं आइंडहोव्हनच्या शेजारणीला फोन लावला. तिच्याकडे घराची किल्ली असते. तिनं स्वयंपाकघर पाहिलं, दाराजवळचं कपाट पाहिलं, मग वर गेली. बराच वेळ नुसता जिन्याचा आवाज येत राहिला.

किल्ली न्हाणीघरात होती. वजनकाट्यावर.