अंतराचं गणित (लेखांक ६) : यवतमाळहून मुंबई, विमानानं

मागच्या लेखांकात अक्षांश-रेखांश समजून घेतले. आता ते कामाला लावू. यवतमाळचा अक्षांश २०.४, मुंबई विमानतळाचा १९.१. फरक १.३ अंशांचा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, तेव्हा उत्तर-दक्षिण अंतर साधारण १४५. रेखांशांतला फरक सव्वापाच अंश. रेखांश ध्रुवांकडे जवळजवळ येत जातात, त्यामुळे आपल्या पट्ट्यात त्यांचा अंश १०५ किलोमीटरचाच भरतो. पूर्व-पश्चिम अंतर झालं ५५०. आता शाळेतला पायथागोरस : दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर ५७०च्या आसपास. पृथ्वी गोल असल्यानं खरं सूत्र याहून किचकट आहे, पण एवढ्याशा अंतराला फरक किरकोळच.

ताशी ८०० किलोमीटरनं उडणाऱ्या जेटला हे अंतर पाऊण तासाचंही नाही. मोबाईलला विचारा, तोही असंच काहीतरी सांगेल. चूक काही नाही त्यात. फक्त त्या विमानात बसायचं कुठे, ते मात्र तो सांगत नाही.

यवतमाळला धावपट्टी आहे. २००९ साली नांदेड, लातूर, बारामती आणि उस्मानाबादबरोबर ती खासगी कंपनीला भाडेपट्ट्यानं दिली गेली. नियमित प्रवासी विमान काही आलं नाही. म्हणून आपण नागपूर गाठतो. मुंबई पश्चिमेला आणि नागपूर ईशान्येला! रस्त्यानं दीडशे किलोमीटर उलट्या दिशेला जायचं आणि ती चाल आकाशातून भरून काढायची. नागपूरच्या सोनेगाव विमानतळापासून मुंबईची सरळ रेषा सुमारे ६९० किलोमीटरची आहे.

या ६९०ला ८००नं भागलं तर बावन्न मिनिटं येतात. वेळापत्रकात मात्र दीड तास किंवा थोडा जास्तच. कारण वेळापत्रकाचं घड्याळ विमान जागेवरून हललं की सुरू होतं आणि मुंबईत जागेवर थांबलं की बंद होतं. धावपट्टीपर्यंतची संथ चाल, चढण, उतरण, मुंबईच्या गर्दीत आकाशात मारलेल्या घिरट्या, सगळं त्यात आलं. ८००चा वेग फक्त मधल्या टप्प्यात मिळतो. हिवाळ्यात उंचावरचा वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून मुंबईला जाताना तो समोरून आणि परतताना पाठीमागून लागतो.

घरापासून मोजायचं तर नागपूरपर्यंत तीन तास, विमानतळावर दीड तास आधी, उड्डाण, आणि मुंबईत बाहेर पडणं. सहा-सात तास कुठेच गेले नाहीत.

१६ एप्रिल २०२५ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची सेवा सुरू झाली, आणि हे गणित जरा बदललं. तिथलं विमान एटीआर-७२, पंख्यांचं, ताशी पाचशेच्या घरातलं. अंतर ५४० किलोमीटर, वेळ पावणेदोन तास. म्हणजे जेटपेक्षा हळू. पण अमरावती यवतमाळहून नव्वद किलोमीटरवर, तेव्हा हळू विमानाचा प्रवासी घरी लवकर पोचतो. अर्थात विमान असेल त्या दिवशी. सुरुवात झाली ती आठवड्यातून तीन दिवसांनी.

बाकीचे दिवस धामणगावचं रेल्वे स्टेशन आहेच. संध्याकाळी तिथून विदर्भ एक्सप्रेस पकडायची, सकाळी सीएसएमटी. रात्र झोपेत जाते, म्हणून अनेकजण ती प्रवासात धरतच नाहीत, आणि मला तो हिशेब पटतो.

पुढच्या आठवड्यात : वैमानिक किलोमीटर सोडून सागरी मैल का वापरतात, आणि तो १.८५२ किलोमीटरचाच का.