‘आपला’ किनारा आणि ‘आमचा’ किनारा : मालवण–तारकर्लीतील पर्यटन व रापण

पर्यटनामुळे खेड्यात पैसा येतो, हे विधान आता वादाचा विषय राहिलेले नाही. तो पैसा कोणत्या वाटेने येतो आणि कोणाच्या घरी थांबतो, हा मात्र स्वतंत्र प्रश्न होय. सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि २०२१ मध्ये चिपी येथे विमानतळ सुरू झाला. ह्या काळात मालवण, तारकर्ली व देवबाग ह्या किनाऱ्यावर जे स्थित्यंतर घडले, त्याचा विचार येथे रापणीच्या अनुषंगाने करावयाचा आहे.

‘रापण’ ह्या शब्दाचा अर्थविस्तार पाहण्याजोगा आहे. रापण म्हणजे जाळे. रापण म्हणजे ते जाळे ओढण्याची क्रिया. आणि रापण म्हणजे ते ओढणाऱ्यांचा संघही. होडीने समुद्रात अर्धवर्तुळाकार जाळे सोडावयाचे, दोन्ही दोर किनाऱ्यावर आणावयाचे आणि दोन तुकड्यांनी ते ओढीत एकमेकींजवळ यावयाचे, अशी ही रीत आहे. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, अंगमेहनतीचा वाटा. एकट्याने करता येईल असा हा व्यवसायच नव्हे. साधन, कृती आणि समूह ह्या तिघांना भाषेने एकच नाव दिले, ह्याचे कारण ती व्यवहारात वेगळी काढता येत नाहीत, हे असावे.

पर्यटनाच्या उत्पन्नाचे एकक मात्र संघ नसून घर आहे. न्याहारी-निवासाची खोली बांधावयाची तर किनाऱ्यालगत स्वतःच्या नावाची जमीन हवी, सातबारा हवा, कर्जाला तारण हवे. ज्यांच्या वाडवडिलांची माडाची वाडी समुद्रासन्मुख होती, त्यांना ती आयतीच लाभली. ज्यांच्यापाशी केवळ दोर ओढण्याचे बळ होते, त्यांच्या वाट्याला नौकाविहाराची होडी हाकणे किंवा पाण्याखालच्या प्रवाळदर्शनासाठी पाहुण्यांना नेणे आले. हे काम कमी प्रतीचे आहे असे नव्हे. कित्येक तरुणांना रापणीपेक्षा त्यात निश्चित प्राप्ती होते, आणि मुंबईची वाट न धरता गावीच राहता येते. चाकरमान्यांच्या प्रदेशात ही लहान गोष्ट नाही. घरातील स्त्रियांच्या पाककौशल्यालाही प्रथमच बाजारभाव मिळाला. तो त्यांच्या हाती पडतो की घराच्या हिशेबात मिसळून जातो, हे घरोघरी वेगळे असणार.

तथापि दोन अडचणी दृष्टीआड करता येत नाहीत. पहिली ऋतूची. यांत्रिक मासेमारीवर १ जून ते ३१ जुलै बंदी असते. समुद्रातील नौकाविहारही पावसाळ्यात बंदच राहतो. म्हणजे ज्याला पूरक धंदा म्हणावयाचे, तो मुख्य धंद्याबरोबरच थांबतो आणि त्याच्याबरोबरच सुरू होतो. पूरक असण्याऐवजी तो प्रतिस्पर्धी ठरतो, कारण दिवाळीनंतरचे तेच दिवस आणि तीच माणसे दोघांनाही हवी असतात.

दुसरी अडचण जागेची, आणि ती अधिक गंभीर आहे. रापण ओढावयास मोकळी पुळण लागते. जाळी सुकविण्यास व होड्या ओढून ठेवण्यासही लागते. ही वहिवाट पिढ्यान्‌पिढ्यांची असली, तरी भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील वाळूचा सातबारा रापणकरांच्या नावे नसतो. जेथे छत्र्या व खुर्च्या मांडल्या जातात, तेथे लेखी परवाना दाखविता येतो. वहिवाट दाखविता येत नाही. मालवणच्या मच्छीमारांनी १९८७ साली घोषित झालेल्या सागरी अभयारण्यास जो विरोध केला, त्याच्या मुळाशीही हीच धास्ती होती. अर्थात रापण क्षीण होण्याचा सारा दोष पर्यटनावर टाकणे अन्यायाचे होईल. पर्ससीन जाळ्यांनी खोल पाण्यातच थवे उचलले गेल्याने किनाऱ्याशी येणारी तारली व बांगडा घटल्याची तक्रार जुनीच आहे, आणि २०१६ साली राज्य शासनाने त्या जाळ्यांवर निर्बंध घातले ते त्यामुळेच.

येथे भाषेच्या अभ्यासकास एक गोष्ट जाणवते. ‘येवा, कोकण आपलाच आसा’ हे स्वागतवाक्य आता सर्वत्र दिसते. मराठीत ‘आम्ही’ श्रोत्यास वगळते, ‘आपण’ त्यास सामावून घेते; मालवणीतही हा भेद आहे. ‘आपला’ म्हणताच पाहुणा धनी होतो. हे आतिथ्य खरे आहे, आणि ते घराच्या ओटीवर उच्चारले जाते तोवर शोभतेही. पण पुळणीच्या बाबतीत ‘आमची’ म्हणण्याचा हक्क ज्यांचा, त्यांच्याकडे तो सांगणारा एकही कागद नाही.

किनारा नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेने मच्छीमार वसाहती व त्यांच्या सामाईक जागा नकाशांवर दाखविण्याची अपेक्षा धरली होती. अशा जागांना रापणकरांची स्वतःची नावे असतात, आणि ती बहुधा तोंडीच चालत आलेली असतात. ज्या वृद्धांना ती ठाऊक आहेत त्यांच्याकडून ती सीमांसह टिपून घेणे, हे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या एका प्रबंधात सहज मावेल एवढे काम आहे. आणि नकाशा करणाऱ्यास त्याचा उपयोग शब्दकोशकाराहून कमी होणार नाही.