आजोबांची शाळा

चौतीस वर्षे मास्तरकी केली. पण या वर्षी जी विद्यार्थिनी पदरी पडली तिच्यासारखी चौकस पोर उभ्या नोकरीत भेटली नाही. ही माझी नात, वय वर्षे अकरा. गेल्या पावसाळ्यात ती नागपुरात लांबलचक दुखण्याने अंथरुणाला खिळली. "वर्षभर शाळेची दगदग नको," असे डॉक्टरांनी बजावले. आईबाप दोघेही नोकरीवाले. तेव्हा सहावीची बालभारतीची पुस्तके, औषधांची पिशवी आणि एक मोबाईल यांसह तिची रवानगी आमच्याकडे, गोंदिया जिल्ह्यातल्या दवनीवाड्याला झाली.

गणित, मराठी सुरळीत चालले. गाडे अडले ते प्राचीन इतिहासापाशी. मी सनावळी सांगू लागलो की ही खिडकीतून धानाची बांधी पाहत बसे. शेवटी मुलानेच फोनवर सुचवले, "बाबा, हल्ली व्हिडिओचे पाठ मिळतात. एखादा चांगला निवडा की!"

निवडा म्हणणे सोपे! लग्नाचे स्थळ पाहताना केली नसेल एवढी चौकशी मी केली. विक्रेत्यांचे फोन येऊ लागले. त्यांतल्या एकाच्या गोड बोलण्याला भुलून चार आकडी रक्कम मोजली. चित्रे झकास, संगीत दणदणीत. पण अर्धा वेळ पिरॅमिड आणि ममी, उरलेल्यात प्रश्नमंजूषा. दोन दिवसांत नातीला सगळी उत्तरे पाठ झाली आणि समजले काहीच नाही.

मग फुकटातल्या गोष्टींकडे वळलो. खान अकॅडमीचे छोटे पाठ लावले. "सलमान खान केव्हापासून शिकवायला लागला?" असे आमच्या सौ. नी विचारले. संस्थापकाचे नाव खरोखरच तेच आहे, पण माणूस वेगळा, हे पटवता पटवता माझी पुरेवाट झाली. पाठ नकाशासह असतात आणि थोडक्यात आटोपतात, हे मला आवडले. पण इंग्रजी ऐकून मला दर दोन मिनिटांनी मराठीत सांगावे लागे. सरकारच्या 'स्वयम्'वरची प्राध्यापकांची व्याख्याने मी स्वतःसाठी राखून ठेवली. ती महाविद्यालयीन मुलांची, अकरा वर्षांच्या पोरीला झेपणारी नव्हेत. हिला मनापासून भावली ती श्याम बेनेगलांची 'भारत एक खोज'. १९८८ साली दूरदर्शनवर आलेली, ५३ भागांची. आमच्या भागात हिंदी सगळ्यांनाच येते, त्यामुळे अडचण नाही. नासदीय सूक्तावरचे तिचे शीर्षकगीत नात झोपाळ्यावर गुणगुणू लागली आणि "सुरुवातीला काहीच नव्हते, तर मग हे बघायला कोण होते?" असे विचारून मला गप्प केले.

पण खरा प्रसंग पुढेच आला. त्या विकतच्या पाठात मोहेंजोदडोचा शेवट दाखवला होता. घोडेस्वार येतात, कत्तल करतात, नगर ओस पडते. मी मान डोलावली. हेच तर मी वर्गात शिकवत आलो होतो. नात म्हणाली, "आजोबा, हे यांना कसे कळले?"

"तिथे सांगाडे सापडले."

"सांगाडे तर आजारानेही पडतात ना?"

दुखण्यातून उठलेल्या पोरीचा तो प्रश्न मला झोंबला. त्या रात्री मी व्याख्याने धुंडाळली. कत्तलीची कल्पना मॉर्टिमर व्हीलर यांनी मांडली होती. पण ते सांगाडे एकाच वेळचे नाहीत, लढाईचा पुरावाही तिथे मिळत नाही, हे जॉर्ज डेल्स या उत्खननकाराने १९६४ सालीच लिहिले होते. १९६४! मी नोकरीला लागलो १९७६ साली. म्हणजे बारा वर्षांपूर्वीच मोडीत निघालेली कत्तल मी पुढे चौतीस वर्षे दरसाल घडवून आणली.

सकाळी नातीपुढे कबूल केले. सांगताना जीभ जड झाली. ती शांतपणे म्हणाली, "मग त्या सगळ्या मुलांना कोण सांगणार?" बाजारात एक जुना विद्यार्थी भेटला, आता त्याचे किराणा दुकान आहे. त्याला सांगितले. तो हसून म्हणाला, "गुरुजी, त्या प्रश्नाले मले पूर्ण गुण होते. वापस घेता का आता?"

त्या दिवसापासून आमची निवडीची कसोटी बदलली. चित्रे किती सुरेख, हे पाहणे बंद. सांगणारा "हे आम्हाला असे कळले" म्हणतो का, हे पाहायचे. म्हणत नसेल तर पाठ कितीही गाजलेला असो, रद्द. आधी मी एकटा पाहतो. मग दोघे मिळून पंधरा मिनिटे, त्याहून जास्त नाही; तिचे डोळे दुखतात. नंतर मोबाईल पालथा घालून पाटीवर जे आठवेल ते काढायचे. वाकाटकांविषयी पाठ्यपुस्तकात थोडक्यात माहिती आहे. पण रामटेकजवळचे नगरधन म्हणजेच त्यांचे नंदिवर्धन, हे सांगितल्यावर तिने स्वतःच नकाशा काढला. त्यात आमच्याच वैनगंगेकाठचे पवनीही आले. तिथे १९६९-७० मध्ये स्तूपाचे अवशेष आणि ब्राह्मी लेख निघाले.

तरी तिची एक तक्रार राहिलीच. "सगळ्यांकडे काही ना काही सापडते. आपल्याकडे?"

व्हिडिओत नव्हते, ते मला आठवले. आमच्या शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात गुंगेरिया नावाचे खेडे आहे. तिथे १८७० साली तांब्याची ४२४ अवजारे आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे एका ठिकाणी पुरलेले मिळाले. काही पत्रे गोल, काही बैलाच्या मुंडक्याच्या आकाराचे. काही वस्तू लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, काही नागपूरच्या अजबबंगल्यात. "बैलाचे मुंडके कशाला?" तिने विचारले. कोणालाच ठाऊक नाही, म्हटल्यावर ती भलतीच खूश झाली.

दिवाळीनंतर डॉक्टरांना दाखवायला नागपूरला जायचे आहे. त्यांनी परवानगी दिली तर परतताना अजबबंगला पाहायचा बेत आहे. तोवर तिने मिठाईच्या डब्यातला चंदेरी कागद कातरून बैलाची मुंडकी केली आहेत. ती आमच्या आकाशकंदिलाला लटकली आहेत, आणि येणाराजाणारा विचारतो, "गुरुजी, यंदा हे काय?"