शिष्यवृत्तीचे वर्ष

केंब्रिजचे तरुण गणितज्ञ ई. एच. नेव्हिल व्याख्यानांसाठी मद्रासला आले होते. २८ जानेवारी १९१४ रोजी त्यांनी मद्रास विद्यापीठाचे निबंधक ड्यूजबरी यांना पत्र लिहून श्रीनिवास रामानुजन यांना इंग्लंडला पाठविण्याची विनंती केली. १७ मार्च रोजी रामानुजन बोटीवर चढले. या सात आठवड्यांत विद्यापीठाने वर्षाला २५० पौंडांची दोन वर्षांची शिष्यवृत्ती मंजूर केली, बोटीचे भाडे आणि कपड्यालत्त्याची सोय केली, आणि गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या सरकारची संमतीही मिळविली. ज्याच्यासाठी हे चालले होते तो पोर्ट ट्रस्टमधला एके काळचा कारकून होता आणि त्याच्यापाशी साधी पदवीही नव्हती. आदल्या वर्षी त्याला दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ती देताना ‘नियमाप्रमाणे पदव्युत्तर पदवी आवश्यक’ हा आक्षेप निघाला होता आणि तो बाजूला ठेवण्यात आला होता.

सरकारी नोकरीत मी तीन दशकांहून अधिक काळ फायली वाचल्या, लिहिल्या आणि पुढे सरकविल्या. त्या अनुभवाच्या जोरावर सांगतो की, रामानुजन यांच्या प्रतिभेइतकाच मला या सात आठवड्यांचा अचंबा वाटतो. त्या काळी टंकलेखन यंत्र होते, तार होती आणि वसाहतीची सावध, संशयी नोकरशाही होती. तरीही बोट चुकली नाही.

निवृत्तीनंतर मी चेन्नईच्या दक्षिणेला तांबरम येथे स्थायिक झालो. महाराष्ट्रातील वाचकांना हे नाव कदाचित रेल्वेच्या वेळापत्रकातून ठाऊक असेल. १९३१ मध्ये मद्रास बीच ते तांबरम अशी विजेवरची उपनगरी गाडी सुरू झाली, आणि १९३७ मध्ये मद्रास ख्रिश्चन कॉलेज शहरातली दाटीवाटीची जागा सोडून इथल्या सेलैयूरच्या रानात आले. हे कॉलेजच मुळी परदेशी दानाचे अपत्य आहे. स्कॉटलंडमधल्या मंडळींच्या वर्गणीवर ते उभे राहिले आणि प्राचार्य विल्यम मिलर यांनी स्वतःची मिळकतही त्यात घातली. गावाची दुसरी ओळख म्हणजे क्षयरोगाचे रुग्णालय. ते १९२८ मध्ये डॉ. चौरी मुत्तू यांनी स्थापन केले. त्यापूर्वी इंग्लंडमध्ये मेंडिप टेकड्यांतील आरोग्यधामात याच डॉक्टरांनी आजारी रामानुजन यांच्यावर उपचार केले होते. आज ब्रिटनला शिकायला निघालेल्या भारतीय मुलाला व्हिसासाठी क्षयरोग नसल्याचा दाखला द्यावा लागतो. क्षयरोग रुग्णालयाच्या गावातली मुले तो दाखला आणायला शहरातल्या मान्यताप्राप्त दवाखान्यात जातात, तेव्हा मला हा इतिहास आठवल्यावाचून राहत नाही.

गेली काही वर्षे मी परदेशी शिक्षणासाठी मदत करणाऱ्या एका लहान न्यासाच्या निवड समितीवर आहे. न्यासाचे नाव सांगण्याचे कारण नाही. तो इतका लहान आहे की, पूर्ण शिक्षणाचा खर्च उचलणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. मोठी शिष्यवृत्ती मिळूनही मध्ये जी फट उरते, ती तो बुजवतो. विमानाचे तिकीट, व्हिसाचे शुल्क, पहिल्या महिन्याचे भाडे, थंडीचा कोट. ब्रिटनचा आरोग्य अधिभारच विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड पडतो आणि तो संपूर्ण अभ्यासक्रमाचा एकरकमी, अर्जाबरोबर भरावा लागतो. या कामामुळे शिष्यवृत्तीचे वर्ष आतून कसे दिसते, हे मला प्रथमच कळले.

हे वर्ष जानेवारीत सुरू होते. तोवर मुलांनी विद्यापीठांकडे अर्ज केलेले असतात. मार्च-एप्रिलमध्ये प्रवेशाची पत्रे येतात, आणि त्यांच्यासोबत जागा राखण्यासाठी अनामत रक्कम भरण्याची मुदतही येते. मे महिना मुलाखतींचा. जून-जुलैत व्हिसाची तयारी. त्यासाठी पैशांचा पुरावा लागतो, आणि तो स्वतःच्या खात्यातला असेल तर रक्कम सलग २८ दिवस तिथे पडून असावी लागते. सप्टेंबरात वर्ग भरतात. इकडे सरकारचे वर्ष १ एप्रिलला उघडते. उत्पन्नाचा जुना दाखला मार्चअखेर शिळा होतो आणि नव्यासाठी तहसील कार्यालयात रांग लागते. निधी हप्त्याहप्त्याने सुटतो आणि ३१ मार्चला न खर्चलेला पैसा परत जातो. ही दोन पंचांगे एकमेकांशी जुळत नाहीत. आमच्याकडे येणाऱ्या मुलांपैकी कितीतरी जण गुणवत्तेत नव्हे, तर या दोन पंचांगांच्या फटीत अडकलेले असतात.

रेल्वे वसाहतीतली एक मुलगी दोन वर्षांपूर्वी आमच्यासमोर आली होती. प्रवेश हातात होता, एका सरकारी योजनेच्या यादीत नावही होते. फक्त मंजुरीचे पत्र नव्हते. अनामत भरण्याची मुदत तिने विद्यापीठाकडून दोनदा वाढवून घेतली. तिसऱ्यांदा विद्यापीठाने नम्रपणे नकार दिला. पत्र आले ते त्यानंतर अकरा दिवसांनी. ती पुढच्या वर्षी गेली, पण दुसऱ्या विद्यापीठात आणि दुसऱ्या विषयाला.

जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या भारतीयांकरिता जो निधी स्थापन केला, त्याचा कारभार या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तो दान देत नाही, कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो. घेणाऱ्याचा स्वाभिमान राहावा आणि परत आलेला पैसा पुढच्याच्या कामी यावा, हा त्यामागचा हेतू. तिकडे चांगले यश मिळविणाऱ्यास कर्जाबरोबर काही रक्कम भेटीदाखलही मिळते. वर्षारंभी अर्ज, मग छाननी आणि मुलाखती, उन्हाळा सरता सरता निकाल, हा त्याचा क्रम विद्यार्थ्याच्या वर्षाला धरून चालतो, आणि निधी स्वतःच्या मुद्दलावर उभा असल्याने त्याला कोणत्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. त्याच्या आरंभीच्या लाभार्थींत फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर या दोन स्त्री-डॉक्टर होत्या. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेलेले के. आर. नारायणन आणि १९५७ मध्ये केंब्रिजला गेलेले जयंत नारळीकर याच निधीचे. त्रावणकोरातल्या एका दलित कुटुंबातील मुलगा राष्ट्रपती होतो, या वाटचालीत १९४५ सालच्या त्या कर्जाचा वाटा किती, हे मोजता येणार नाही; पण ते पत्र वेळेवर आले नसते तर काय झाले असते, याची कल्पना आमच्या समितीतला कोणीही करू शकेल.

तारखेइतकीच महत्त्वाची असते अट. गेल्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्राशी संबंधित तीन शिष्यवृत्त्या शेजारी ठेवून पाहाव्यात. १९०५ मध्ये लंडनमध्ये श्यामजी कृष्णवर्मांनी शिष्यवृत्त्या जाहीर केल्या, त्यांची अट होती की घेणाऱ्याने ब्रिटिश सरकारची नोकरी करू नये. त्याच प्रयत्नाला जोडून सरदारसिंग राणा यांनी दिलेल्या ‘शिवाजी’ शिष्यवृत्तीवर १९०६ मध्ये विनायक दामोदर सावरकर विलायतेला गेले. त्यांची शिफारस टिळकांनी केली होती. दुसरीकडे सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड दिले, त्याची अट परतल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याची. एकाने नोकरी निषिद्ध ठरविली, दुसऱ्याने ती बंधनकारक केली आणि टाटांनी केवळ पैसे परत मागितले. देणारा देशाकडे कसा पाहतो, ते त्याच्या अटीत उतरते.

बडोद्याची शिष्यवृत्ती उदार होती, पण तिलाही शेवटची तारीख होती. ती आली तेव्हा आंबेडकरांचे लंडनमधील शिक्षण अर्धेच झाले होते. १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. वेगळ्या जहाजातून पाठविलेले त्यांचे ग्रंथ पाणतीराच्या हल्ल्यात बुडाले. बडोद्यात त्यांच्या वाट्याला जे आले ते वाचकांना ठाऊकच आहे. सिडनहॅम कॉलेजातील पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठू शकले. मधली तीन वर्षे ही एका शिष्यवृत्तीच्या मुदतीची किंमत होती.

हे सारे मागे सरल्यासारखे वाटेल, पण तसे नाही. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती योजना १९५४-५५ पासून चालू आहे. अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी ती आहे, आणि वर्षाला १२५ जागा आहेत. जुलै २०२५ मध्ये निवड झालेल्या १०६ विद्यार्थ्यांपैकी ४० जणांनाच आधी तात्पुरती मंजुरीपत्रे मिळाली. उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाल्यास पत्र देऊ, असे कळविण्यात आले. बातमी आली तेव्हा चर्चा झाली ती पैशांच्या चणचणीची. मला तीत वेगळेच काही दिसले. जुलै म्हणजे व्हिसाचा महिना. तेव्हा ‘निधी उपलब्ध झाल्यास’ या तीन शब्दांचा व्यवहारातला अर्थ ‘नाही’ असा होतो. पुढे निर्णय कितीही अनुकूल होवो, विद्यापीठ आणि व्हिसा कार्यालय यांच्या तारखा मंत्रालयाच्या टिपणीवर हलत नाहीत.

अशा योजनांत अडचण कुठे येते, हे आतल्या माणसाला समजते. पीएच.डी.ला गेलेला विद्यार्थी ही एका वर्षाची जबाबदारी नसते, ती चार वर्षांची असते. आधी गेलेल्यांचा खर्च वजा जाता नव्यांसाठी किती उरते, हे दरवर्षी नव्याने मोजावे लागते. त्यात योजना चालू ठेवण्याची मंजुरी वित्त आयोगाच्या कालखंडाला बांधलेली. अधिकारी दुष्ट नसतात. सही करताना लेखापरीक्षकाचा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर असतो. मीही अशा सह्या केल्या आहेत आणि रोखल्याही आहेत. म्हणूनच दरवर्षीच्या तरतुदीऐवजी एक राखीव मुद्दल बाजूला काढून त्याच्या उत्पन्नावर जागा ठरवाव्यात, आणि निवड फेब्रुवारीत संपवून मार्चमध्ये सशर्त पत्र द्यावे, असे मला वाटते. ‘प्रवेश मिळाल्यास शिष्यवृत्ती पक्की’ एवढे एका ओळीचे पत्र विद्यार्थ्याला पुरते.

खासगी न्यासांचेही सगळे आलबेल नसते. प्राप्तिकराची सवलत हवी तर उत्पन्नाचा किमान ८५ टक्के भाग त्याच वर्षी धर्मादाय कामी लावावा लागतो, त्यामुळे मार्चमध्ये तिथेही घाई असते. परदेशात खर्च होणाऱ्या पैशाकडे तर कायदा विशेष साशंक नजरेने पाहतो. जामीनदार मागणे ही दुसरी गोम. ज्या घरात आजवर कोणाच्या नावावर घर नाही, तिथल्या मुलाने मालमत्ताधारक जामीनदार आणायचा कुठून? तांबरममध्ये निवृत्त अधिकारी बरेच राहतात, आणि दर उन्हाळ्यात अनोळखी मुले वडिलांसोबत आमच्या दारी याच कामासाठी येतात. हे चित्र मला अवघडल्यासारखे करते.

पण सर्वांत अस्वस्थ करणारी अट राष्ट्रीय योजनेत २०२२ मध्ये आली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास यांवरील संशोधनाचे विषय तिच्या कक्षेतून वगळण्यात आले. अशा अभ्यासाची साधने आणि जाणकार भारतातच आहेत, त्यासाठी परदेशी कशाला जायचे, असे त्याचे समर्थन. इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने या युक्तिवादात मला थोडे तथ्य दिसते. मद्रासच्या अभिलेखागारात न वाचलेले कागद शेकडो वर्षांना पुरतील इतके आहेत. मात्र ईस्ट इंडिया कंपनीचे दप्तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. आणि साधनांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे अंतर. आपल्या गावापासून दूर, जिथे आपल्याला कोणी जातीने ओळखत नाही अशा ठिकाणी बसून आपल्या समाजाकडे पाहता येणे. आंबेडकरांनी १९१५ मध्ये कोलंबियात एम.ए.साठी लिहिलेला प्रबंध प्राचीन भारतीय व्यापारावर होता, आणि १९१६ मधला त्यांचा गाजलेला निबंध भारतातील जातींवर. आजच्या नियमावलीत हे दोन्ही विषय बसले नसते. ज्या वर्गासाठी ही योजना आहे, त्याच वर्गातल्या मुलाला ‘तू तंत्रज्ञान शीक, स्वतःच्या समाजाबद्दल प्रश्न विचारू नकोस’ असे सांगण्यासारखे हे आहे. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती वर्षाला ७५ जागा देते आणि तमिळनाडूने अण्णल आंबेडकरांच्या नावाची योजना चालविली आहे. राज्यांनी या वगळलेल्या विषयांसाठी निदान काही जागा मुद्दाम राखून ठेवाव्यात.

रामानुजन यांच्या शिष्यवृत्तीतला एक तपशील मात्र आजच्या योजनांच्या आखणीत सहसा सापडत नाही. २५० पौंडांपैकी ५० पौंड मागे राहिलेल्या कुटुंबाच्या निर्वाहासाठी वेगळे काढलेले होते. कमावते मूल परदेशी गेले की घरातला एक पगार जातो, हे मद्रास विद्यापीठाने गृहीत धरले होते. आमच्याकडे येणाऱ्या मुलांपैकी अनेक जण शिकवण्या घेऊन किंवा रात्रपाळी करून घर चालवत असतात. मुलाखतीत त्यांच्या आयांना आम्ही विचारतो, ‘मुलगी गेल्यावर भाडे कोण भरेल?’ उत्तर बहुतेक वेळा हसून टाळले जाते. यंदा न्यासाच्या बैठकीत मी घराकडच्या खर्चासाठी वेगळी रक्कम ठेवण्याचा प्रस्ताव मांडला आहे. आमच्या लेखापालांचे म्हणणे आहे की, तो आमच्या उद्देशपत्रिकेत बसत नाही. उद्देशपत्रिकेत दुरुस्ती करता येते का, यावर आम्ही वकिलाचे मत मागविले आहे. ते जानेवारीच्या आत यावे, एवढाच माझा आग्रह आहे.