चौदाव्या रात्रीचा निर्णय

सोयगाव तालुका ओळखला जातो तो अजिंठ्याच्या लेण्यांमुळे. त्याच डोंगररांगेत, जंजाळा गावाजवळ, आणखी एक बौद्ध विहार आहे. वाकाटक सम्राट हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख तिथे आहे. अजिंठ्याचं 16 क्रमांकाचं लेणंही त्यानेच कोरवून घेतलं होतं. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या या विहाराचा महाभारताशी काडीचाही संबंध नाही. तरीही लोकांनी त्याला नाव दिलं घटोत्कच लेणी. हिडिंबेचा हा मुलगा लोकांच्या मनात किती खोल जाऊन बसला आहे, हे त्यावरून कळतं. आकाशात उडणारा, हवं तेव्हा डोंगराएवढा होणारा, क्षणात दिसेनासा होणारा, आईवडिलांच्या एका हाकेला धावून येणारा. अमेरिकेत कॉमिक्सचे महानायक जन्माला येण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे हा वीर तयार होता. अनंत पै यांनी 1967 मध्ये सुरू केलेल्या अमर चित्रकथेने पुढे 1985 पासून महाभारताची 42 अंकांची मालिका काढली. तिची चित्रं दिलीप कदम यांची. चित्रांच्या चौकटींतून महाभारत वाचत मोठ्या झालेल्या पिढीला घटोत्कचाचं ते अवाढव्य कोसळणं विसरता येत नाही, आणि त्याच्यामागोमाग मनात उठणारा रागही. हा राग कर्णावर नसतो, कृष्णावर असतो. आपल्या लाडक्या अर्जुनाला वाचवण्यासाठी कृष्णाने भीमाच्या पोराला बळीचा बकरा केला, असं म्हटलं जातं. हा आरोप खोटा आहे असं मला वाटतं. त्या रात्रीबद्दल कृष्णाला दोष द्यायचाच असेल, तर त्याची जागा दुसरीकडे आहे.

आधी ती रात्र डोळ्यांसमोर आणायला हवी. युद्धाच्या तेराव्या दिवशी अभिमन्यू पडला. चौदाव्या दिवशी अर्जुनाने जयद्रथाला मारलं, पण त्या दिवशी सूर्य मावळल्यावरही युद्ध थांबलं नाही. दिवट्या पेटवून ते चालू राहिलं. अंधारात कर्ण पांडवांचं सैन्य कापत सुटला. युधिष्ठिराचा धीर सुटू लागला आणि अर्जुन म्हणाला, रथ कर्णाकडे घे. कृष्णाने नकार दिला. कवचकुंडलांच्या बदल्यात इंद्राने दिलेली अमोघ शक्ती कर्णाने अर्जुनासाठीच राखून ठेवली होती. ती एकदाच वापरता येणार होती आणि ज्याच्यावर पडेल त्याचा मृत्यू अटळ होता. या घटकेला कर्णासमोर दोघंच उभे राहू शकतात, तू किंवा घटोत्कच, असं कृष्णाने अर्जुनाला सांगितलं आणि घटोत्कचाला बोलावणं गेलं.

बळीच्या बकऱ्याचा आरोप इथून सुरू होतो, आणि तो करणारे दोन गोष्टी विसरतात. पहिली गोष्ट वनपर्वात आहे. शक्ती देताना इंद्राने अट घातली होती, की जीव धोक्यात आला असेल आणि दुसरं अस्त्र उरलं नसेल तेव्हाच ती वापरायची; एरवी फेकलीस तर ती तुझ्यावरच उलटेल. म्हणजे नुसतं आमिष समोर टाकून कर्णाची शक्ती खर्ची पडणारच नव्हती. त्याचा प्राण कंठाशी आणणारा योद्धाच हवा होता, आणि असा योद्धा कर्णाला मारूही शकत होता. रात्री राक्षसांचं बळ वाढतं हे महाभारत पुन्हा पुन्हा सांगतं. घटोत्कच मरायला निघालेला नव्हता, जिंकायला निघाला होता आणि जवळजवळ जिंकलाही होता. त्याच्या मायेपुढे कौरव इतके हतबल झाले की तेच कर्णाला विनवू लागले, शक्ती टाक, नाहीतर आम्ही आज रात्रीच संपतो. दुसरी गोष्ट मला याहून मोलाची वाटते. त्या झुंजीच्या मध्यावर अलायुध नावाच्या राक्षसाने भीमाला घेरलं. तेव्हा कृष्णानेच घटोत्कचाला हाक मारली: कर्णाला सोड, आधी वडिलांना वाचव, कर्णाचं नंतर बघू. घटोत्कचाचा उपयोग शक्ती झेलण्यापुरताच असता, तर ऐन मोक्याला त्याला कर्णापासून दूर का काढलं असतं? भीम संकटात पडला म्हणून कृष्णाने आपलाच डाव काही काळ मोडला. घटोत्कचाने अलायुधाला मारलं आणि तो पुन्हा कर्णावर गेला. अखेर कर्णाने ती शक्ती त्याच्यावरच टाकली आणि तो कोसळला. कृष्णाने कर्णासमोर पेच टाकला होता: शक्ती वापरली तर अर्जुन वाचतो, नाही वापरली तर कर्ण मरतो. अशा पेचात उभा केलेला वीर बळी ठरत नाही. त्या रात्रीच्या सगळ्या युद्धाचा भार त्याच्या खांद्यावर होता.

यावर एक आक्षेप असा येतो की घटोत्कचाला हे सगळं सांगितलं होतं का? नव्हतं. शक्तीचं बोलणं कृष्ण आणि अर्जुनात झालं. घटोत्कच आल्यावर त्याला सांगितलं गेलं ते एवढंच, की तुझ्या पराक्रमाची वेळ आली आहे. तोही उत्साहाने म्हणाला की कर्णाला मी पुरेसा आहे. ही खरी उणीव आहे आणि माझ्या मते कृष्णाच्या बाजूने तिचं समर्थन होत नाही. पुढे काय वाढून ठेवलं आहे हे ज्याला पाठवायचं त्याला कळायला हवं. सांगितलं असतं तर तो गेला नसता असं मला मुळीच वाटत नाही; वनवासात दमलेल्या द्रौपदीला खांद्यावरून गंधमादन पर्वतावर नेणारा मुलगा होता तो. पण तो गेला असता, म्हणून त्याला विचारायची गरज नव्हती असं होत नाही. पाठवण्याचा निर्णय योग्य आणि पाठवण्याची रीत अपुरी, असे दोन निवाडे एकाच वेळी देता येतात आणि द्यायला हवेत.

याहून जड आक्षेप जंगलाचा आहे. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये खांडववनाच्या दहनाकडे ज्या कठोर नजरेने पाहिलं, त्यानंतर मराठी वाचकाला महाभारतातली वनातली माणसं पूर्वीसारखी दुर्लक्षिता येत नाहीत. घटोत्कच वनातला, त्याची आई वनातली. राजवाड्यातल्या अर्जुनासाठी तोच का? कृष्णाच्या बाजूने कोणी म्हणेल की आदल्याच दिवशी त्याचा सख्खा भाचा अभिमन्यूही गेला होता. हा युक्तिवाद मी वापरणार नाही, कारण अभिमन्यूला चक्रव्यूहात कृष्णाने पाठवलं नव्हतं. तो आणि अर्जुन तेव्हा संशप्तकांशी लढत होते. उलट घटोत्कच मेल्यावर कृष्ण स्वतःच जे बोलतो ते या आक्षेपाला बळ देतं. हा ब्राह्मणांचा द्वेष करणारा, यज्ञ मोडणारा होता. कर्णाने मारला नसता तर कधीतरी मलाच मारावा लागला असता, असं तो अर्जुनाला सांगतो. त्याच संभाषणात वनातल्याच एकलव्याचंही नाव येतं. घटोत्कचाने पांडवांसाठी काय केलं हे महाभारतच सांगत असताना हे वाक्य अन्यायाचं आहे. कृष्णाच्या दोषाची जागा मी म्हणतो ती हीच. पण निर्णय घेताना जी कारणं समोर होती ती वेगळी होती: शक्ती, रात्र, आणि कर्णासमोर टिकू शकणारे दोनच योद्धे. निर्णय त्या कारणांवर तोलायचा. नंतर जोडलेल्या कारणावर नाही. मागून दिलेली सबब वाईट निघाली म्हणून आधीचा हिशेब चुकीचा ठरत नाही.

मग तो नाच. घटोत्कच पडल्यावर सगळी छावणी रडत असताना कृष्ण हर्षाने नाचला, हा प्रसंग पुण्याच्या भांडारकर संस्थेने सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीतही आहे. म्हणजे तो कुणा निंदकाने मागाहून घुसडलेला नाही. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पण त्यानंतर कृष्ण सात्यकीला काय सांगतो तेही वाचायला हवं. त्या शक्तीच्या विचाराने मला झोप लागत नव्हती, मनाला आनंद असा नव्हताच, असं तो सांगतो. शत्रूच्या हातात एक अस्त्र आहे, ते कधीही सुटेल, आणि हे ओझं आपल्या एकट्याच्या डोक्यावर आहे, अशा अवस्थेत तो चौदा दिवस होता. अर्जुनाने विचारलं, हा कसला आनंद? तेव्हा त्याने कारण लपवलं नाही, तिथेच सगळं उघड सांगितलं. त्या आनंदाला माणुसकीचा म्हणता येणार नाही. त्यात लबाडी मात्र नव्हती.

मार्व्हलच्या ‘सिव्हिल वॉर’ या 2006-07 च्या कॉमिक्स मालिकेतला आयर्न मॅन याच कोर्टात उभा असतो. एका झुंजीत शेकडो निरपराध माणसं, त्यांत शाळकरी मुलंही, मरतात. सरकार महानायकांच्या नोंदणीचा कायदा करतं. कॅप्टन अमेरिका विरोधात जातो, आयर्न मॅन बाजूने. कायद्याला शरण गेलेला सत्तेचा माणूस, असा ठपका त्याच्यावर बसतो. मला त्याचाही मूळ निर्णय पटतो: आपल्या शक्तीमुळे माणसं मरत असतील तर त्या शक्तीला कुणापुढे तरी उत्तर द्यावं लागेल. पण पुढे त्याच्या बाजूने बनवलेल्या थॉरच्या नकली प्रतिरूपाच्या हातून जुना सहकारी गोलायथ मारला जातो, विरोधकांसाठी परक्या मितीत तुरुंग उभा राहतो, आणि शेवटी कॅप्टन अमेरिकेच्या मृतदेहासमोर हे सगळं या किमतीचं नव्हतं, असं तो कबूल करतो. त्याने केलेला हिशेब त्यालाच पेलला नाही.

कृष्ण असं कधी म्हणत नाही, म्हणून तो जास्त निष्ठुर वाटतो. ‘मृत्युंजय’ वाचून कर्णाच्या प्रेमात पडलेल्या मराठी मनाला तर फारच. मात्र हिशेब चुकता करायची वेळ आली तेव्हा तो कसा वागला ते स्त्रीपर्वात आहे. युद्ध संपल्यावर शंभर पुत्र गमावलेली गांधारी त्याला म्हणते, तू थांबवू शकत होतास आणि थांबवलं नाहीस. छत्तीस वर्षांनी तुझं कुळही असंच आपसांत लढून मरेल आणि तू एकटा रानात संपशील. कृष्ण तिच्याशी वाद घालत नाही, उःशाप मागत नाही, शाप स्वीकारतो. छत्तीसाव्या वर्षी प्रभासक्षेत्री यादव एकमेकांना मारतात. त्यांत त्याचा मुलगा प्रद्युम्न असतो आणि ज्याला आपली निद्राहीन रात्र सांगितली तो सात्यकीही.