मंद प्रकाशात पक्ष्यांचे छायाचित्रण

पैठणजवळ गोदावरीवर बांधलेल्या जायकवाडी धरणाचे उद्घाटन १९७६ मध्ये झाले. त्यातून निर्माण झालेला नाथसागर छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगर या दोन जिल्ह्यांत पसरला असून १९८६ मध्ये त्याला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात चक्रवाक, पट्टकादंब हंस असे दूरदेशीचे पाहुणे येथे उतरतात. पट्टकादंब तर हिमालय ओलांडून येतात. रात्री शेतांत चरून ते पहाटे पाण्याकडे परततात. साहजिकच, त्यांना टिपण्याची वेळ अपुऱ्या उजेडाची असते.

४०० मिलिमीटरचे टेलिफोटो भिंग दूरचा पक्षी मोठा करून दाखविते, तसाच हाताचा कंपही. असे भिंग हाती धरले असता प्रकाशनाचा अवधी १/४०० सेकंदाहून अधिक नसावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. पहाटे एवढ्या अवधीत पुरेसा प्रकाश मिळत नाही. येथे मोनोपॉड, म्हणजे एका पायाचा आधार, उपयोगी पडतो. त्यावर सराव झाला की १/१०० सेकंदापर्यंत जाता येते आणि चौपट प्रकाश मिळतो. शिवाय तिपाईपेक्षा तो हलका असतो.

मोनोपॉड कॅमेऱ्याऐवजी भिंगावरील कड्याला जोडावा, म्हणजे तोल साधतो. त्याचे टोक किंचित पुढे टेकवून पाय फाकून उभे राहावे. पाणी ओसरलेल्या काठावर गाळ असतो, तेथे टोकाखाली सपाट दगड ठेवावा. कोपरे अंगाशी घेऊन, श्वास अर्धा सोडून कळ हळुवार दाबावी.

मात्र मोनोपॉड छायाचित्रकाराचा कंप रोखतो, पक्ष्याची हालचाल नव्हे. उडत्या हंसासाठी १/१००० सेकंदाच्या आसपासचा अवधी लागतो. त्याकरिता आयएसओ वाढवावा, चित्र थोडे कणीदार झाले तरी चालेल. १/१०० सेकंदात केवळ थबकलेला पक्षीच स्पष्ट उमटतो. त्या क्षणाची वाट पाहणे हेच या कलेचे मर्म होय.

उजेड कमी, म्हणून जवळ सरकण्याचा मोह होतो. परंतु थवा बिथरून उडाला, तर परतीच्या प्रवासासाठी साठविलेली त्याची शक्ती व्यर्थ खर्ची पडते. पक्ष्यांनी माना ताठ केल्या की तेथेच थांबावे आणि सावकाश मागे व्हावे. फ्लॅशचा वापर टाळावा. हुकलेले चित्र दुसऱ्या पहाटे घेता येईल. थवा तेथे निर्धास्त राहिला, तरच.