गोलाच्या फाका आणि पट्टे : संगणकीय सूचनांची परिभाषा

पारिभाषिक शब्द शुद्ध असणे पुरेसे नसते. तो वाचून वाचकाच्या हातून योग्य कृती घडली पाहिजे. या विभागात ही कसोटी आपण एका तांत्रिक उदाहरणावर लावून पाहू. ब्लेंडर या त्रिमिती प्रतिकृती घडविणाऱ्या विनामूल्य संगणकप्रणालीत गोलाची मापे कशी ठरवतात आणि ती मराठीत कशी सांगावीत, हा आपला विषय आहे.

उदाहरण

मानखुर्दच्या दक्षिणेस ट्रॉम्बे येथे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तेथील सायरस ही अणुभट्टी १९६० साली कार्यान्वित झाली आणि २०१० च्या अखेरीस बंद करण्यात आली. तिचा घुमट छायाचित्रांतून अनेकांच्या परिचयाचा आहे. अशा घुमटाची प्रतिकृती करण्याची सोपी रीत म्हणजे आधी पूर्ण गोल घ्यावा आणि त्याचा खालचा अर्धा भाग काढून टाकावा.

गोलाची मापे

‘ॲड’, ‘मेश’, ‘यूव्ही स्फिअर’ या क्रमाने पर्याय निवडले की पडद्यावर गोल उमटतो आणि खाली डाव्या कोपऱ्यात मापांची चौकट दिसते. तीत सेगमेंट ३२, रिंग १६ आणि त्रिज्या १ मीटर अशी मापे आधीच भरलेली असतात. संगणकाचा हा गोल वस्तुतः सपाट पृष्ठांचा बनलेला असतो. या मापांच्या गोलाला ५१२ पृष्ठे असतात. त्यांपैकी दोन्ही ध्रुवांपाशी मिळून ६४ त्रिकोण आणि उरलेले ४४८ चौकोन असतात.

शब्दाची निवड

‘सेगमेंट’साठी ‘फाक’ हा घरगुती शब्द चपखल बसतो, कारण संत्र्याच्या फाकांप्रमाणेच हे भाग ध्रुवापासून ध्रुवापर्यंत उभे जातात. ‘रिंग’च्या बाबतीत मात्र सावध राहावे लागते. शालेय भूगोलातील ‘अक्षवृत्त’ हा शब्द येथे सहज सुचतो. पण अक्षवृत्त ही रेषा आहे आणि ब्लेंडरमधील रिंग हा दोन रेषांमधील पट्टा आहे. १६ पट्ट्यांच्या दरम्यान आडव्या रेषा १५ च असतात.

हा एकाचा फरक घुमट करताना महत्त्वाचा ठरतो. गोल मध्यावर कापायचा तर तेथे विषुववृत्तासारखी रेषा हवी. ‘रिंग म्हणजे रेषा’ असे समजणारा विद्यार्थी मधली रेषा मिळावी म्हणून १५ ही विषम संख्या भरेल. प्रत्यक्षात त्याला १५ पट्टे आणि १४ रेषा मिळतील. मध्यावर रेषेऐवजी पट्टा येईल आणि पट्ट्याच्या कडेवर कापलेला घुमट अर्धगोलापेक्षा लहान किंवा मोठा होईल. ‘पट्ट्यांची संख्या सम ठेवावी’ अशी सूचना वाचणाऱ्याची ही चूक होणार नाही.

गोलाचा असा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ (इ. स. ११५०) या ग्रंथाच्या गोलाध्यायात गोलाच्या पृष्ठफळाचा विचार करताना पृष्ठाचे आडवे पट्टे आणि उभ्या फाका कल्पिल्या आहेत. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केल्याची नोंद चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखात आढळते.

सूचनांचा क्रम

शब्दाइतकाच क्रमही महत्त्वाचा असतो. मापांची चौकट गोल घेतल्यानंतर लगेचच वापरता येते. दुसरी कृती केली की फाका आणि पट्टे तेथून बदलता येत नाहीत. बहुधा गोल पुन्हा घ्यावा लागतो. म्हणून ‘प्रथम मापे निश्चित करावीत, मगच गोल हलवावा किंवा कापावा’ हे वाक्य सूचनेच्या आरंभीच आले पाहिजे. ‘शेड स्मूथ’ या पर्यायाने पृष्ठ गुळगुळीत भासते, परंतु पृष्ठांची संख्या तीच राहते आणि बाह्यरेषेतील कोन तसेच दिसतात. म्हणून येथे ‘गुळगुळीत होते’ असे न लिहिता ‘गुळगुळीत दिसते’ असे लिहावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. २४ फाका आणि १२ पट्टे असलेल्या गोलावर ध्रुव वगळून किती आडव्या रेषा असतील? त्यांत मधली रेषा असेल का?

२. आपल्या व्यवसायातील एखादे यंत्र वापरण्याच्या सूचना पाच वाक्यांत लिहा. त्यांतील कोणत्या शब्दाचा चुकीचा अर्थ लावला जाऊ शकेल, ते सांगा.